टाका, टाके, टाकी, टाक : एका शिवणशब्दाचा गोतावळा

सुईदोरा

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं, पण टंकाळा (टंकायचा कंटाळा) आडवा येत होता. विषय आहे 'टाका'.

मी शिवणवर्ग चालवते, त्यामुळे हा शब्द येता-जाता तोंडात असतो. पण हा दर ठिकाणी वेगळं क्रियापद घेऊन बसलेला असतो. कापडाला आपण टाके घालतो, ते उसवतात. जखमेला टाके 'पडतात'. घातले कुणी ते कुणीच सांगत नाही, नुसतं "सात टाके पडले". मग ते काढतात. लोकरीचा टाका गळतो. आणि दोन माणसांचा टाका भिडतो, तो गल्लीत सगळ्यांना दिसतो, फक्त घरच्यांना दिसत नाही.

शिवणापुरतं बोलायचं तर सुई कापडात शिरून परत वर आली की एक टाका. हाताचा तो टाका, मशीनवर मारली ती टीप. टाके सरळ चालत गेले की धावदोरा. कच्चा टाका टिकण्यासाठी नसतोच, पक्की टीप बसली की तो ओढून काढायचा. भरतकामात तर विचारू नका : साखळी टाका, फुली टाका, गाठीचा टाका, काश्मिरी टाका, मच्छी टाका.

माझा आवडता मात्र साडीच्या फॉलचा. सुईच्या टोकावर साडीचा एकच धागा उचलायचा, आणि मग फॉलच्या घडीतून सुई चांगली पाव इंच आतल्या आत न्यायची. वरून काही दिसता कामा नये. दोन-तीन धागे उचलले की उजव्या बाजूला बारीक खळगा पडतो. अशा खळग्यांची रांग काठावर दिसली की गिऱ्हाईक साडी घेऊन परत दारात.

तर प्रश्न असा : हा शब्द आला कुठून? आणि देवघरातला टाक, गडावरचं पाण्याचं टाकं, पाथरवटाची टाकी ही याची सख्खी भावंडं की नुसती नावबंधू?

मुक्ता_क

ताई, आमच्या टेलरिंगच्या मॅडम सांगायच्या की टाका इंग्रजीतून आला. कच्च्या शिलाईला इंग्रजीत 'टॅकिंग' म्हणतात ना, त्या 'टॅक'चा टाका. पटण्यासारखं आहे, काज-बटणातलं बटण नाही का तिकडूनच आलं.

शब्दपिसाट

बटण आलं, टाका नाही आला. इंग्रजी 'टॅक' म्हणजे मुळात खिळा, अडकवण. तो त्यांच्याकडे फ्रेंचातून आला. आपला टाका हिंदीत टाँका आहे, गुजरातीत टांको आहे आणि जुन्या मराठी लेखनात टांका असा अनुस्वार देऊन सापडतो. हा अनुनासिक महत्त्वाचा. साहेब यायच्या आधी आपल्याकडे कपडे काय चिकटवत होते का?

अनुस्वाराचा माग काढला की आपण संस्कृत 'टंक'पाशी पोचतो. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, चुरादिगण या गटात 'टकि बन्धने' असा धातू आहे, म्हणजे बांधणे, जोडणे. टाका म्हणजे बांधणी. सुईदोराताई, तुमचा टाका इथे बसतो, आणि मला तरी हेच मूळ सरळ वाटतं.

पण गंमत पुढे आहे. 'टंक' म्हणून दुसरंही एक नाम आहे, त्याचा अर्थ बरोबर उलटा. अमरकोशात, त्या जुन्या संस्कृत शब्दकोशात, 'टङ्कः पाषाणदारणः' असं दिलंय. दगड फोडणारा तो टंक, म्हणजे छिन्नी. एक जोडणारा, एक फोडणारा, आणि दोघांचं रूप एकच. ताईंनी विचारलेली बाकीची मंडळी बहुतेक या दुसऱ्या घरातली आहेत.

इंदूरकर

आमच्याकडे मराठी घरांतही टाका आणि टाँका दोन्ही चालतात, घरात टाका, सराफ्यात टाँका. सोनार दागिना जोडतो तो टाँका. जुनी बांगडी मोडीत द्यायला गेलं की पहिला प्रश्न, "इसमें टाँका कितना है?" कारण जोडाला वापरलेला धातू सोन्याइतका शुद्ध नसतो, त्याचे पैसे कापले जातात. लहानपणी मला वाटायचं सोनार सोन्याला सुईदोऱ्याने शिवतो.

आणि टाका भिडणे म्हणाल तर आमच्याकडे "टाँका भिड़ गया" हे कॉलेजच्या कट्ट्यावर सर्रास. तिकडूनच मराठीत आलं असावं असा माझा दावा.

टवाळ_पंत

इंदूरकर, दावा मागे घ्या. प्रेमात पडायला मराठी माणसाला हिंदी लागत नाही. आमच्याकडे आधीपासून 'सूत जुळतं'. सूत आधी जुळतं, टाका मग भिडतो, आणि लग्नानंतर टीप बसते. क्रम पाळा.

शब्दपिसाट

पंत, तुम्ही थट्टा करताय, पण सोनाराचा टाँका खरंच 'बन्धने'कडचा आहे. आता टाकणखार आठवा, संस्कृतात टंकण, हिंदीत सोहागा. सोनार डाग जोडताना सांध्याला हा लावतो. तापवल्यावर धातूवर जी काजळी-गंजाची साय धरते ती त्यात विरघळते आणि वितळलेला जोड सांध्यात नीट पसरतो. टाक्याचा खार तो टाकणखार, असं ओळखीचं वाटतं. पण नुसत्या ओळखीच्या वाटण्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही, म्हणून इथेच थांबतो.

बटवा_आजीचा

पोरांनो, पाथरवटाच्या टाकीचं मी सांगते. आमच्या वाड्यात दर काही महिन्यांनी टाकीवाली यायची, "पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ" करत. वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर वाटण सरकतं, वाटलं जात नाही. ती उकिडवी बसायची, डाव्या हातात लोखंडी टाकी, उजव्या हातात हातोडी. कडेपासून सुरुवात करून मध्यापर्यंत टकटक टकटक बारीक खड्डे पाडत यायची, ओळीने, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. डोळ्यांत कपची उडू नये म्हणून मान वाकडी. काम झालं की पाटा धुऊन, थोडं मीठ नाहीतर जाडंभरडं धान्य वाटून टाकून द्यायचं, कारण पहिल्या वाटणात दगडाची कच येते. मिक्सर आला आणि ती यायची बंद झाली.

म्हणीतली टाकी तीच. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.

आणि देवघरातला टाक वेगळा. चांदीच्या किंवा तांब्याच्या पातळ पत्र्यावर उठवलेला देव, खंडोबा, भवानी, नाहीतर घरातला वीर. लग्न झालं, वाटण्या झाल्या की नवीन घरात टाक करून न्यायचे. त्याचा शिवणाशी काही संबंध नाही ग बाई.

शब्दपिसाट

आजी, शिवणाशी नाही, पण टाकीशी असू शकतो. छिन्नीने कोरणं, त्यावरून ठसा उठवणं, आणि ठसा उठवलेला धातूचा तुकडा म्हणजे नाणं, असा 'टंक'चा प्रवास आहे. नाणी पाडायची जागा टंकशाला, तिची आपण टाकसाळ केली. टंक हे चार माशांचं वजनही होतं. दिल्लीच्या सुलतानांचा चांदीचा टंका, आपला टका, सगळे त्याच गोतातले. देवाचा टाकही साच्यावर ठोकूनच उठवतात, म्हणून त्याला त्या पंगतीत बसवायला माझी हरकत नाही.

आणि विसाव्या शतकात टाइपरायटरला मराठी शब्द हवा होता तेव्हा हाच टंक पुन्हा कामाला जुंपला : टंकलेखन. अक्षराचा खिळा कागदावर आपटून ठसा उठतो, म्हणून. ताईंचा पहिल्या ओळीतला टंकाळा हा त्या छिन्नीचा पणतू आहे.

टवाळ_पंत

म्हणजे मी इथे टंकतो तेव्हा दगड फोडतो. बायकोला दाखवतो हे, ती म्हणते मी काहीच करत नाही.

बाय द वे, बांगलादेशाचं चलन आपली वर्तमानपत्रं 'टका' लिहितात, पण बंगाली लिपीत ते सरळ 'टाका' आहे. आणि त्या देशाची सगळ्यात मोठी निर्यात कोणती? तयार कपडे. टाके घाला, टाका मिळवा.

इंदूरकर

पंत, हे मात्र मानलं.

गडवेडा_सुहास

पाण्याच्या टाक्याकडे कुणीच वळेना म्हणून मीच येतो. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत, हरिश्चंद्रगडावर आहेत, नाणेघाटात आहेत. कातळ कोरून केलेला पाण्याचा साठा तो टाकं. काही टाकी आत डोंगरात लांब गेलेली असतात आणि वरचं छत पेलायला मध्ये कातळाचेच खांब सोडलेले असतात, ती खांबटाकी. पाण्यावर ऊन पडत नाही, त्यामुळे आटतं कमी आणि शेवाळही कमी धरतं. पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटाला नाव तिथल्या अशाच खांबटाक्यावरून पडलं असं सांगतात.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की भिंतीवर तिरपे समांतर ओरखडे दिसतात, बोटभर अंतरावर, एका लयीत. आजींच्या पाट्यासारखेच. ते टाकीचे घाव. माझं म्हणणं सरळ आहे : टाकीने कोरलं म्हणून टाकं. निघालेला दगड तटाला नाहीतर बांधकामाला, खड्डा पाण्याला.

शब्दपिसाट

सुहास, गोष्ट छान आहे, पण एक अडचण. कान्हेरी, जुन्नर, नाणेघाट इथल्या ब्राह्मी लेखांत ही टाकी दान दिल्याचे उल्लेख आहेत आणि तिथे शब्द येतो 'पोढी'. पाणीपोढी. म्हणजे ज्यांनी ती टाकीने कोरली त्यांनी तिला टाकं म्हटलेलं नाही. हा शब्द मागाहून आला. शिवाय टाक्याचं मूळ संस्कृत तडागात शोधणारेही आहेत, आणि तडागाला छिन्नी लागत नाही, फावडं पुरतं.

गडवेडा_सुहास

मागाहून आला म्हणून छिन्नीवरून आला नाही असं थोडंच आहे? वस्तू जुनी, नाव नवं, हे रोज होतं. पाटा-वरवंट्याला टाकी लावणारी बाई आणि गडावर टाकं खोदणारा पाथरवट एकच हत्यार धरणार. लोक शब्द हातातल्या वस्तूवरून करतात, अमरकोशावरून नाही.

शब्दपिसाट

बरं. तुमच्या बाजूने एवढं लिहून घेतो की तळ्याला कुणी टाकं म्हणत नाही. कोरलेलं किंवा बांधून काढलेलं असलं तरच टाकं.

लंडनस्थ_काका

पाण्यावरून आठवलं. इंग्रजी 'टँक' हा शब्द आपल्या किनाऱ्यावरून गेला असं त्यांचे कोशकार मानतात : गुजराती आणि मराठी टाक्यावरून. सोबत पोर्तुगीज 'तांके'चाही हात आहे, त्यांचा तो शब्द पाणी अडवणे या अर्थाच्या क्रियापदापासून. कुणी कुणाकडून घेतलं यावर इथेही धागे चालतात, निकाल लागलेला नाही. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांच्या १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशातही यावर बराच काथ्याकूट आहे.

पुढची कथा त्याहून भारी. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी चिलखती गाडी बनवायला घेतली ती गुपचूप. कारखान्यातल्या लोकांना सांगितलं की मेसोपोटेमियाच्या वाळवंटासाठी पाण्याच्या टाक्या बनतायत. नाव चिकटलं ते चिकटलंच. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये फ्लेर्सच्या लढाईत ते यंत्र पहिल्यांदा उतरलं तेव्हा त्याचं नाव टँकच होतं. डॉर्सेटमधल्या बॉव्हिंग्टनला त्यांचं संग्रहालय आहे, त्यात पहिला नमुना ठेवलाय. मी तिथे उभा राहून सौ.ला म्हटलं, हे बघ, जुन्नरचं टाकं. ती पुढे निघून गेली.

मुक्ता_क

काका 😄 शिवणवर्गातून निघून रणगाड्यावर पोचलो आपण.

मला एक विचारायचंय, टकळी पण यातलीच का? सूत कातायची टकळी. आणि पावसाळ्यातला टाकळा?

शब्दपिसाट

टकळी नाही. ती संस्कृत 'तर्कु'पासून, म्हणजे पिळणारी, फिरणारी चाती. लॅटिनमध्ये पिळणे या अर्थाचा जो धातू आहे, ज्यातून इंजिनाचा 'टॉर्क' निघाला, तो तिचा लांबचा भाऊ. तोंडाची टकळी सुरू होते तेव्हाही ती फिरतच असते. टाकळ्याची भाजी करून खावी, व्युत्पत्ती विचारू नये.

कातरवेळ

निवृत्त सर्जन आहे, बरेच दिवस वाचनमात्र होतो. जखमेचे टाके राहिले म्हणून लिहितो.

सुश्रुत या प्राचीन शल्यवैद्याने आपल्या संहितेच्या सूत्रस्थान या भागात शिवण्याचे चार प्रकार सांगितलेत : वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. वेल्लितक म्हणजे वेलीसारखा गुंडाळत जाणारा. ऋजुग्रंथी म्हणजे एकेक सुटा टाका घेऊन गाठ मारायची, आजही सगळ्यात जास्त हाच घालतात, कारण एक तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. तुन्नसेवनी हा शब्द तर सरळ शिंप्याकडून उचललेला आहे. तुन्नवाय म्हणजे फाटकं कापड सांधणारा, आपला रफूवाला. दोऱ्यासाठी त्याने बारीक सूत, अश्मंतकाची साल, ताग, रेशीम, स्नायू, केस असं बरंच काही सांगितलंय. सुयाही तीन : मांस कमी असेल तिथे आणि सांध्यांवर दोन बोटं लांबीची गोल, मांसल भागी तीन बोटं लांब आणि तीन धारांची, आणि मर्माच्या जागी, पोटावर, धनुष्यासारखी वाकडी. ऑपरेशन थिएटरच्या ट्रेमध्ये आजही वाकडी सुई असते, त्रिधारी असते. आतड्याला छेद गेला तर कडा जुळवून मोठ्या काळ्या मुंग्या चाववायच्या आणि धड तोडून डोकी तशीच ठेवायची, हेही त्याचंच.

पण यात कुठेही टाका हा शब्द नाही. तिथे सगळं 'सीव्यते' आणि 'सेवनी'. शिवण हा जुना शब्द, टाका लोकांमधला.

ताई, 'पडतात' बद्दल. पेशंटला आम्ही टाके घालतो ते दिसतच नाही, जागा बधिर असते, मान वळवलेली असते. त्याच्या दृष्टीने ते पडलेलेच असतात. काढताना मात्र तो डोळे उघडे ठेवून मोजतो.

इंदूरकर

डॉक्टरसाहेब, नामदेवांचंही हेच. गुरुग्रंथसाहिबात त्यांचं पद आहे ना, मन माझा गज, जीभ माझी कात्री म्हणणारं. त्यात 'सीवनि सीवउ' आहे, सोन्याची सुई आणि रुप्याचा धागा आहे. शिंप्याच्या घरातला माणूस, पण टाका नाही म्हणत, शिवण म्हणतो.

सुईदोरा

वा! एवढं सगळं निघेल असं वाटलं नव्हतं. सगळं वाचून मी वहीत मांडत बसले तेव्हा एक गोष्ट हाती लागली. शब्दपिसाट, तुम्ही तपासा.

शिवणाचा टाका पुल्लिंगी. तो एक टाका, ते अनेक टाके.
गडावरचं टाके (टाकं) नपुंसकलिंगी. ते एक टाके, ती अनेक टाकी.
पाथरवटाची टाकी स्त्रीलिंगी. ती एक टाकी, त्या अनेक टाक्या.

एकाचं अनेकवचन ते दुसऱ्याचं एकवचन! आणि विभक्ती लावायला गेलं की आणखी गोंधळ. "टाक्याला" म्हटलं तर शिवणाचा टाका की पाण्याचं टाकं, दोन्ही. "टाकाला" म्हटलं तर देवघरातला, किंवा शाळेत दौतीत बुडवायचा तो टाक. तरीही बोलताना आपला कुणाचाच घोळ होत नाही. "टाक्याला पाणी नाही" आणि "टाक्याला पू झालाय" यात कुणी थबकत नाही. मूळ एक असो की दोन, मराठीने यांना लिंगाने वेगळं ठेवलंय. हिंदीत इंदूरकरांचा टाँका एकटाच सोनार, शिंपी, डॉक्टर सगळ्यांची कामं करतो. तेव्हा सुहास आणि शब्दपिसाट यांच्या भांडणात माझं मत असं की छिन्नी आणि पाणी एका घरचे असतील, पण माझा टाका वेगळ्या चुलीचा.

शब्दपिसाट

तपासलं. बरोबर आहे, आणि हे मला सुचायला हवं होतं. फक्त एक पुस्ती : 'टाकणे' या क्रियापदाला यात ओढू नका. "टाके टाका" म्हणतात, ऐकायला गोड लागतं, पण त्या टाकण्याचा आणि टाक्याचा संबंध दाखवायला हातात काही नाही.

गडवेडा_सुहास

ताई, तुमचं कोष्टक छापून गडांवर लावायला हवं. माहितीफलकांवर सर्रास 'पाण्याच्या टाक्या' लिहिलेलं असतं. टाक्या प्लॅस्टिकच्या, गच्चीवरच्या. कातळातली ती टाकी. पुढच्या मोहिमेत रंगाचा डबा नेतो.

कातरवेळ

नेऊ नका, पुरातत्त्ववाले तुम्हालाच टाके घालतील.

टवाळ_पंत

आता 'टीप' घ्या कुणीतरी. शिवणाची टीप, तळटीप, पोलिसांना दिलेली टीप, वेटरची टीप, टिपेचा सूर, डोळ्यांतली टिपं आणि टीपकागद.

सुईदोरा

पंत, त्याला वेगळा धागा काढा, इथे नको. वेटरची टीप साहेबाची, एवढं आत्ताच सांगते, म्हणजे मुक्ताच्या मॅडम तिथे तरी जिंकतील.

नवीन_सभासद_४

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. शब्दांचं कळलं नाही फारसं, पण फॉलला एकच धागा उचलायचा तर सुई कोणती घ्यायची? माझे खळगे पडतात.

सुईदोरा

दहा नंबरची घ्या, सात-आठ नंबर जाड पडते. दोरा एकेरी, साडीच्या रंगाहून अर्धी छटा गडद. आणि ओढू नका. खळगा बऱ्याचदा जास्त धागे उचलल्याने नाही, टाका घट्ट ओढल्याने पडतो. वीतभर झालं की कापड दोन्ही बाजूंनी हलकेच ताणून बघा, दोरा आपोआप सैल होऊन बसतो. सिंथेटिक साडी असेल तर आधी फॉल पाण्यातून काढून वाळवून इस्त्री करा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि तुमचा टाका कितीही चांगला असला तरी काठ गोळा होतो.